उणे चाळीस आणि दोघांत एक स्लीपिंग बॅग

डिसेंबर उजाडला की ग्रुपवर मेसेज पडायला लागतात. हरिश्चंद्रगड करायचा की कळसूबाई? की या वेळी पैसे जमवून थेट केदारकंठा? मग खरेदी सुरू होते. कुणी जाडजूड जॅकेट घेतं, कुणी दादाची स्लीपिंग बॅग मागून आणतं, कुणी आईने विणलेला स्वेटर सॅकच्या तळाशी कोंबतं. दिवसभर चढण चढून घामाने टी-शर्ट चिंब होतो, त्याच टी-शर्टवर जॅकेट चढवून आपण शेकोटीजवळ गाणी म्हणतो आणि तसेच झोपतो. रात्री तीनच्या सुमाराला दात वाजायला लागतात. अंगावर सगळं आहे, तरी पाय बर्फासारखे गार! असं का होतं, हे विचारायची सोय नसते, कारण शेजारचाही कुडकुडतच असतो.

हा प्रश्न सव्वाशे वर्षांपूर्वी एका माणसाने अगदी मनावर घेतला होता. त्याच्यासाठी तो एका रात्रीचा प्रश्न नव्हता. सलग पंधरा महिने, जिथे मदतीला कुणीही येणार नाही अशा जागी, त्याला रोज रात्री तो सोडवावा लागला. त्याचं नाव फ्रिट्यॉफ नान्सेन. नॉर्वेचा हा गडी शास्त्रज्ञ होता, स्कीइंगमधला राष्ट्रीय विजेता होता, ध्रुवप्रदेशातला संशोधक होता आणि पुढे जाऊन शांततेच्या नोबेलचा मानकरीही झाला. एका आयुष्यात एवढं सगळं कसं मावलं, असं वाटतं खरं. पण हे सगळं जोडणारा धागा एकच होता, थंडीत माणूस जगतो कसा, हे शिकत राहणं.

जंगलातलं पोरपण

नान्सेनचा जन्म १० ऑक्टोबर १८६१चा. गाव ख्रिस्तियानिया, म्हणजे आजचं ऑस्लो. वडील वकील, शिस्तीचे. आई अडलेड मात्र स्वतः स्की करणारी, त्या काळातल्या बायकांच्या मानाने जरा धाडसीच. घराला लागूनच जंगल होतं. फ्रिट्यॉफ आणि त्याचा भाऊ अलेक्झांडर तिथे दिवसचे दिवस काढायचे. जवळ सामान थोडंच असायचं. मासे पकडायचे, आग पेटवायची, भाजून खायचे. उघड्यावर राहायचं कौतुक त्या पोरांना वाटेनासं झालं, कारण त्याची सवयच झाली.

पुढे तो विद्यापीठात प्राणिशास्त्र शिकला. १८८२ साली सील पकडणाऱ्या एका जहाजावरून उत्तरेच्या समुद्रात गेला. तिथे जहाज बर्फात अडकलं आणि ग्रीनलंडचा पूर्व किनारा त्याला लांबून दिसला. परत आल्यावर बर्गनच्या संग्रहालयात नोकरी लागली. दिवसभर सूक्ष्मदर्शकात डोकं घालून मज्जासंस्थेचा अभ्यास करायचा आणि सुट्टी मिळाली की स्की बांधून डोंगरात पळायचं, असा त्याचा खाक्या होता. पण दूरवर दिसलेलं ते ग्रीनलंड काही डोक्यातून जाईना.

परतीचा रस्ताच नाही

ग्रीनलंडच्या मधोमध बर्फाचं प्रचंड पठार आहे. ते कुणी आडवं पार केल्याची नोंद तोवर नव्हती. आधी ज्यांनी प्रयत्न केले ते बहुतेक पश्चिम किनाऱ्यावरून आत शिरले होते. तिथे वस्ती होती, त्यामुळे जमलं नाही की मागे फिरता यायचं. नान्सेनने बरोबर उलटं ठरवलं. ओसाड पूर्व किनाऱ्यावर उतरायचं आणि वस्तीच्या दिशेने चालायचं. म्हणजे मागे काहीच नाही, जगायचं असेल तर पुढेच जावं लागणार.

लोकांनी त्याला वेड्यात काढलं. एका वर्तमानपत्राने तर ग्रीनलंडच्या बर्फावर स्कीचे खेळ होणार असून परतीच्या तिकिटाची गरज नाही, अशा अर्थाची थट्टेची जाहिरात छापली. नान्सेनने डॉक्टरेटचं काम उरकलं आणि काही दिवसांतच तो निघाला. सोबत पाच जण होते. त्यातले दोघे, साम्युएल बाल्टो आणि ओले राव्ना, सामी समाजातले होते. हा समाज नॉर्वेच्या अगदी उत्तरेला रेनडिअरच्या कळपांसोबत पिढ्यान्‌पिढ्या राहत आलेला. शहरातल्या शिकलेल्या लोकांना त्यांच्याकडून काही शिकावं असं फारसं वाटत नसे. नान्सेनला वाटलं.

थंडीत पाय गरम ठेवायची सामी लोकांची रीत बघा. रेनडिअरच्या कातड्याचे सैल जोडे घ्यायचे आणि त्यात एक प्रकारचं वाळवलेलं गवत भरायचं. मोजे नसले तरी चालेल, पण गवत पाहिजे. दिवसभर पायाचा घाम ते गवत पिऊन घेतं. रात्री ते बाहेर काढायचं, मोकळं करायचं, वाळवायचं आणि सकाळी पुन्हा भरायचं. आता तुमच्या ट्रेकिंग शूजचा विचार करा. दोन जोड मोजे घालून बूट करकचून बांधले, की आतली हवा गेली आणि रक्त फिरायचंही थांबलं. पाय गार पडणारच! ऊब धरून ठेवते ती कोरडी, अडकलेली हवा. कापड किंवा गवत फक्त तिला जागेवर ठेवण्याचं काम करतं. सामी लोकांनी हे कोणत्याही पुस्तकाशिवाय ओळखलं होतं.

१७ जुलै १८८८ला जहाजाने या सहा जणांना ग्रीनलंडच्या पूर्व किनाऱ्यापाशी होड्यांमध्ये सोडलं. किनारा समोर दिसत होता, पण समुद्रातल्या बर्फाने त्यांना दक्षिणेकडे वाहवत नेलं. जमिनीला पाय लागायला बारा दिवस गेले. मग पुन्हा उत्तरेकडे होड्या वल्हवत यावं लागलं. प्रत्यक्ष चढाई सुरू झाली ऑगस्टच्या मध्याला, म्हणजे उन्हाळा संपत आल्यावर.

स्लेज ते स्वतःच ओढत होते. पठाराची उंची २,७०० मीटरच्या पुढे गेली आणि रात्रीचं तापमान उणे ४० अंशांच्याही खाली. स्लीपिंग बॅगा दोनच होत्या. रेनडिअरच्या कातड्याच्या, एकेका बॅगेत तिघे तिघे. जागेची ओढाताण व्हायची, एकाने कूस बदलली की बाकीचे दोघेही जागे. पण तीन अंगांची ऊब एका पिशवीत राहायची आणि वजनही वाचायचं.

दोन गोष्टींनी मात्र त्यांना छळलं. पहिली तहान. चहूकडे बर्फच बर्फ आणि प्यायला पाणी नाही. बर्फ वितळवायला इंधन लागतं आणि इंधन मोजकंच होतं. तोंडात बर्फ धरला तर तो वितळवायला आपल्याच अंगातली ऊब खर्च होते. मग ते बर्फ भरलेल्या चपट्या बाटल्या कपड्यांच्या आत छातीशी धरून चालायचे. दिवसभरात घोट-दोन घोट पाणी मिळायचं.

दुसरी भूक, आणि तीही साधी भूक नव्हे. त्यांनी नेलेल्या सुक्या मांसाच्या वड्यांमधली चरबी काढून टाकलेली निघाली. पोट भरायचं, पण जीव चरबीसाठी तळमळायचा. लोण्याचा तुकडा मोजून मिळायचा, तो दागिन्यासारखा जपला जायचा. ऑटो स्वेर्ड्रुप नावाच्या त्याच्या भरवशाच्या साथीदाराने तर बुटांना लावायचं तेल पिऊन चालेल का, अशी विचारणा केली होती! यात विनोद आहे, पण शास्त्रही आहे. एका ग्रॅम चरबीतून साधारण ९ कॅलरी मिळतात, तर पिठूळ पदार्थातून किंवा प्रथिनांतून ४. थंडीत शरीर म्हणजे रात्रभर जळणारी चूल. तिला जाड लाकूड लागतं, पालापाचोळ्याने भागत नाही. आपल्याकडे थंडीत आजी डिंकाचे लाडू तुपात वळते, ते उगाच नाही.

सप्टेंबरच्या शेवटी ते पश्चिम किनाऱ्याच्या खाडीपाशी उतरले. वस्ती अजून लांब आणि होड्या तर पलीकडच्या किनाऱ्यावर राहिलेल्या. मग झुडपांच्या फांद्या आणि तंबूच्या तळाचं कापड वापरून त्यांनी एक बेडौल होडी बनवली. तिच्यात बसून नान्सेन आणि स्वेर्ड्रुप ३ ऑक्टोबरला गोडथाब गावात पोचले. वर्षातलं शेवटचं जहाज चुकलं होतं.

दुसरा कुणी असता तर कपाळाला हात लावून बसला असता. नान्सेन इन्युइट लोकांच्या घरात जाऊन बसला. त्यांच्यासोबत जेवला, त्यांची कयाक चालवायला शिकला, ते कपडे कसे शिवतात, चरबीचा दिवा कसा लावतात, घर लहान आणि बुटकं का ठेवतात, हे सगळं बघत राहिला. ग्रीनलंड पार केल्याची कीर्ती त्याला मिळाली ती मिळालीच. पण पुढे त्याचा जीव वाचवला तो या सक्तीच्या मुक्कामातल्या शिकवणीने.

घामाने केलेला घात

१८९३ साली नान्सेन पुन्हा निघाला. या वेळची कल्पना आणखी अचाट होती. उत्तर ध्रुवाजवळचा बर्फ हळूहळू सरकतो, असा त्याचा अंदाज होता. मग जहाज मुद्दाम त्या बर्फात अडकवायचं आणि बर्फासोबत वाहत जायचं! त्यासाठी कॉलिन आर्चर या जहाजबांधणी करणाऱ्याकडून त्याने ‘फ्राम’ बांधून घेतलं. फ्राम म्हणजे पुढे. तळ असा गोलसर ठेवला, की बर्फाने दाबलं तर जहाज चिरडण्याऐवजी वर उचललं जावं.

आपल्याला रस आहे तो त्याच्या भिंतींमध्ये. पूर्वीच्या ध्रुवीय जहाजांवर माणसांच्या श्वासातली वाफ गार भिंतींवर गोठायची, मग वितळून अंथरुणात ठिबकायची. सगळं सदा ओलं आणि कुबट. फ्रामच्या राहत्या खोल्यांच्या भिंतींमध्ये नमदा, बूच, लाकूड, लिनोलियम असे थरावर थर होते, छतात रेनडिअरचे केसही भरले होते. दिव्यांसाठी डेकवर पवनचक्की होती. बाहेर उणे ४० असताना आत तेरा माणसं आरामात पुस्तकं वाचत, पत्ते खेळत बसायची.

पण जहाज ध्रुवावरून जाणार नाही, हे दीडएक वर्षात स्पष्ट झालं. तेव्हा नान्सेनने उबदार खोली सोडून चालत जायचं ठरवलं. सोबतीला एकच माणूस निवडला, यालमार योहानसेन. पट्टीचा जिम्नॅस्ट. या मोहिमेत यायची त्याची इतकी धडपड होती, की जहाजावर दुसरी जागा नाही म्हटल्यावर त्याने भट्टीत कोळसा टाकायचं काम पत्करलं होतं.

१४ मार्च १८९५ला दोघे निघाले. तीन स्लेज, अठ्ठावीस कुत्रे, दोन कयाक, एक रेशमी तंबू आणि दोघांत मिळून एक स्लीपिंग बॅग. जहाज त्यांना पुन्हा सापडणार नव्हतं, कारण तेही वाहतच होतं.

आणि इथे, एवढं सगळं शिकलेल्या माणसाची चूक झाली. लांडग्याच्या कातड्याचे कपडे सरावात फार गरम वाटले म्हणून ते जहाजावरच ठेवले आणि लोकरी कपडे घालून ते चालले. दिवसभर उंचसखल बर्फातून स्लेज ढकलताना घामाच्या धारा लागायच्या. तो घाम बाहेर पडण्याआधी कपड्यातच गोठायचा. दुपारपर्यंत अंगरखा चिलखतासारखा कडक. बाहीची बर्फाळ कड मनगटाला घासून घासून खोल जखमा झाल्या. रात्री बॅगेत शिरल्यावर हे चिलखत अंगाच्या उबेने वितळायला लागायचं. म्हणजे झोपायच्या आधी तास-दीड तास ओल्या कपड्यात दात वाजवत पडून राहायचं. ओले मोजे आणि हातमोजे छातीशी, मांडीशी ठेवून वाळवायचे. कपडे वाळून जरा बरं वाटेपर्यंत उठायची वेळ व्हायची, आणि बाहेर पडलं की पुन्हा तेच.

आपल्या ट्रेकमधला तो ओला टी-शर्ट आठवला ना? पाणी हवेपेक्षा साधारण पंचवीसपट वेगाने उष्णता वाहून नेतं. त्यामुळे थंडीतला खरा वैरी कित्येकदा बाहेरचा वारा नसतो, आपल्याच अंगाचा घाम असतो. लोकर निदान ओली झाली तरी थोडीफार ऊब धरते. सुती कपडा तेवढंही करत नाही.

दोघांचा दिवसातला सुखाचा क्षण म्हणजे संध्याकाळी स्टोव्ह पेटायचा तो. इथे मात्र नान्सेनचं डोकं भारी चाललं होतं. नुकताच बाजारात आलेला रॉकेलचा प्रायमस स्टोव्ह त्याने घेतला आणि त्याच्यासाठी खास भांडी बनवून घेतली. मधल्या पातेल्यात जेवण शिजतं. त्याच्याभोवती कड्यासारखं दुसरं भांडं, त्यात बर्फ. वर आणखी एक भांडं, त्यातही बर्फ. आणि सगळ्यावर मिळून एक झाकण. ज्योतीची गरम हवा निसटून जायच्या आधी या सगळ्या भांड्यांना वळसा घालून जाते. एकाच आचेवर जेवण आणि प्यायचं पाणी, दोन्ही तयार! ग्रीनलंडमधल्या तहानेचं उत्तर त्याने असं शोधलं होतं. पुढे दक्षिण ध्रुवावर गेलेल्या अमुंडसेन आणि स्कॉट या दोघांच्याही सामानात नान्सेनचा हाच कुकर होता.

८ एप्रिलला ते ८६ अंश १४ मिनिटे उत्तर अक्षांशापर्यंत पोचले. तोवर एवढ्या उत्तरेला कुणी गेल्याची नोंद नव्हती. ध्रुव अजून चारशेएक किलोमीटर लांब होता. समोर बर्फाचे ढीग पसरलेले आणि पायाखालचा बर्फही उलट दिशेला सरकतोय, हे नान्सेनच्या लक्षात आलं. त्याने मागे फिरायचं ठरवलं. आधी परतीचा रस्ताच न ठेवणारा हाच तो माणूस. पण कुठे थांबायचं, हेही त्याला कळत होतं. समिटच्या नादात अंधार पडेपर्यंत चढत राहणाऱ्यांनी हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

दगडमातीचं बिऱ्हाड

परतीची वाट भयंकर होती. अन्न संपत आलं तसा एकेक कुत्रा मारून बाकीच्यांना घालावा लागला. जीव लावलेली जनावरं ती, दोघांनाही ते फार जड गेलं. ऑगस्टच्या शेवटी ते फ्रान्झ जोसेफ लँडच्या एका निर्जन बेटावर पोचले. पुन्हा हिवाळा तोंडावर आला होता. पुढे जाणं म्हणजे मरण. त्यांनी तिथेच बिऱ्हाड करायचं ठरवलं.

घर बांधायला होतं काय? दगड, शेवाळ, वाहून आलेला एक ओंडका आणि शिकार केलेल्या वॉलरसची कातडी. वॉलरसच्या खांद्याच्या हाडाचं फावडं केलं, सुळ्याची कुदळ. जमिनीत खड्डा खणून त्याभोवती दगडांच्या भिंती रचल्या, फटींत माती आणि शेवाळ कोंबलं, वर ओंडका टाकून कातडी अंथरली. खोली जेमतेम तीन मीटर लांब आणि दोन मीटरपेक्षाही कमी रुंद. अर्धं घर जमिनीत असल्याने वाऱ्याचा मारा कमी लागायचा आणि वर बर्फ साचला की त्याचंच पांघरूण व्हायचं. ग्रीनलंडमध्ये पाहिलेली बुटकी घरं इथे कामाला आली. दिवाही तिथल्यासारखाच, चरबीवर जळणारा. स्लेजच्या पट्ट्यांना लावलेला पत्रा काढून त्याचं भांडं केलं होतं.

नव्या घरातल्या पहिल्या रात्री एक गंमत झाली. इतके महिने एकाच बॅगेत एकमेकांच्या कोपरांचे धक्के खात झोपून दोघे कंटाळले होते. आता घर झालं म्हटल्यावर आपापलं स्वतंत्र कांबळं घेऊन झोपायचं ठरलं. रात्रभर दोघेही थडथडत राहिले! दुसऱ्या दिवशी निमूटपणे कांबळी जोडून पुन्हा एकच बॅग केली, आणि तो विषय संपला.

पुढचे आठ महिने हेच चाललं. सकाळी अस्वलाच्या मांसाचा रस्सा, रात्री तव्यावर भाजलेलं अस्वलाचं मांस. कपडे चरबीने इतके माखले, की सुरीने खरवडून निघालेली चरबी दिव्यात घालता यायची. दिवसाचे कित्येक तास झोप. आजारपण नाही, भांडण नाही, आणि वजन घटायच्या ऐवजी चक्क वाढलं.

त्यातली एक गोष्ट मला सगळ्यात जास्त आवडते. आपल्याकडे जसं अहो-जाहो आणि अरे-तुरे, तसं नॉर्वेजियन भाषेतही होतं. एका बॅगेत झोपणारे, एकमेकांवर जीव टाकून जगणारे हे दोघे इतके महिने एकमेकांना अहो-जाहोच करत होते! १८९५च्या शेवटच्या रात्री नान्सेनने आता अरे-तुरे करूया असं सुचवलं, असं सांगतात. आजच्या आपल्या दोस्तीला हे गमतीचं वाटेल. पण नान्सेन मोहिमेचा प्रमुख, भिडस्त आणि स्वतःतच राहणारा होता. त्याच्यासाठी ते अंतर ओलांडणं ग्रीनलंडपेक्षा सोपं नसावं.

पाण्यात उडी

१९ मे १८९६ला घर सोडून ते पुन्हा निघाले. जूनमध्ये एके दिवशी किनाऱ्याच्या बर्फाला बांधलेल्या कयाक सुटल्या आणि वाऱ्यावर लांब जायला लागल्या. अन्न, बंदुका, सगळं त्यांच्यातच होतं. नान्सेनने वरचे थोडे कपडे उतरवले आणि गोठत्या पाण्यात उडी मारली. हात-पाय बधिर होत गेले. दमला की पाठीवर उलटा होऊन पोहला. कसाबसा कयाकपाशी पोचला तेव्हा वर चढायची ताकद राहिली नव्हती, तरी चढला. आणि परत येताना, थंडीने लटपटत असताना, समोर दोन पक्षी दिसले तर त्यांची शिकारही करून आला!

योहानसेनने पुढे काय केलं, ते ट्रेकला जाणाऱ्या प्रत्येकाने पाठ करावं. आधी ओले कपडे काढले. होते नव्हते ते कोरडे कपडे चढवले. त्याला बॅगेत घातलं आणि सापडेल ते पांघरूण वर टाकलं. मग गरम जेवण रांधलं. आज प्रथमोपचाराच्या वर्गात थंडीने गारठलेल्या माणसासाठी साधारण हाच क्रम शिकवतात. योहानसेनने काठावर उभं राहून मित्र बुडताना बघायची ती मिनिटं कशी काढली असतील, याचा विचार केला तरी अंगावर काटा येतो.

थोड्याच दिवसांनी, १७ जूनला, नान्सेनला कुत्र्यांचं भुंकणं ऐकू आलं. फ्रेडरिक जॅक्सन या इंग्रज संशोधकाचा तळ जवळच होता. ऑगस्टमध्ये दोघे नॉर्वेला पोचले. गंमत म्हणजे त्याच महिन्यात फ्रामही बर्फातून सुटून सगळ्या माणसांसह सुखरूप परतलं.

ज्यांच्याकडे तंबूही नव्हता

इथे थांबलं असतं तरी हे चरित्र मोठंच होतं. पण नान्सेनच्या आयुष्याचा दुसरा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

पहिलं महायुद्ध संपलं तेव्हा लाखो युद्धकैदी परक्या देशांत अडकून पडले होते. बरेचसे रशियात, काही थेट सायबेरियात. ना अंगावर धड कपडे, ना पोटाला अन्न. सरकारं एकमेकांशी बोलायलाही तयार नव्हती. १९२० साली राष्ट्रसंघाने हे काम नान्सेनवर सोपवलं. तेव्हा तो साठीच्या जवळ आला होता, पत्नी एव्हा १९०७ मध्येच न्युमोनियाने गेलेली. आता संशोधनात रमावं, असं त्याला वाटत होतं. तरी त्याने हो म्हटलं. अपुऱ्या कपड्यांत थंडी काढणं म्हणजे काय, हे टेबलाभोवती बसलेल्यांपैकी त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? दोनेक वर्षांत सव्वाचार लाखांहून अधिक कैदी घरी पोचले.

मग रशियात दुष्काळ पडला, तेव्हा तो मदतीसाठी देशोदेशी फिरला. आणि ज्यांना कोणताच देश आपलं म्हणत नव्हता अशा निर्वासितांसाठी १९२२ पासून एक ओळखपत्र निघालं, ते ‘नान्सेन पासपोर्ट’ म्हणून ओळखलं जातं. पुढे पन्नासहून जास्त सरकारांनी ते मान्य केलं. चित्रकार मार्क शगाल आणि संगीतकार इगॉर स्ट्राविन्स्की यांच्याकडेही हा पासपोर्ट होता. १९२२ सालचं शांततेचं नोबेल नान्सेनला मिळालं आणि ती रक्कमही त्याने मदतकार्यालाच दिली. १३ मे १९३० रोजी स्वतःच्या घरी त्याचं निधन झालं.

तीन जणांत एक बॅग, मग दोघांत एक, आणि शेवटी ज्यांच्याकडे काहीच नाही त्यांच्यासाठी एक कागद. ऊब एकट्याने साठवून पुरत नाही, ती वाटून घ्यावी लागते, हे तो बर्फात शिकला आणि मरेपर्यंत विसरला नाही.

पुढच्या ट्रेकला जाताना

• चढताना थोडं गार वाटलं तरी चालेल. घाम यायच्या आधीच एक थर उतरवा, थांबलात की लगेच चढवा.

• मुक्कामाला पोचल्यावर पहिलं काम म्हणजे कपडे बदलणं. झोपायचा एक कोरडा जोड आणि कोरडे मोजे प्लॅस्टिकच्या पिशवीत वेगळे ठेवा. त्यांना दिवसा हात लावायचा नाही.

• बूट पायात सैलसर असू द्या. बोटं हलली पाहिजेत.

• अंगावर जितकं घ्याल, तितकंच अंगाखालीही घ्या. जमीन रात्रभर ऊब ओढून घेत असते. मॅट नसेल तर सुकं गवत, रिकामी सॅक, काहीही चालेल.

• झोपण्यापूर्वी तूप, शेंगदाणे, गूळ, खोबरं असं काहीतरी पोटात जाऊ द्या. पाणी पीत राहा.

• बंद तंबूत स्टोव्ह किंवा शेगडी पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला तो उठवत नाही.

• आणि शेजारचा कुडकुडत असेल तर त्याला विचारा. लाज वाटून तो स्वतःहून सांगणार नाही. ग्रुपमध्ये नवीन असेल, अजून अहो-जाहो चालू असेल, तर आधी विचारा.